जुनी हायब्रिड हायवेवर ‘कमी ॲव्हरेज’ देते, म्हणजे नक्की काय?

समजा तुमच्या हातात अमेरिकेतल्या २००५ च्या टोयोटा प्रियसची नोंदवही आहे. नवी असताना तिचा सरकारी हायवे आकडा होता ५१ मैल प्रति गॅलन, म्हणजे लिटरला साधारण २१.७ किलोमीटर. मालकाला मिळतायत १९. गॅरेजवाला म्हणतो, बॅटरी गेली, बदला. खर्च मोठा आहे. तुम्ही काय सल्ला द्याल?

आधी तो ५१ कुठून आला ते बघा. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, जुन्या हायवे चाचणीत सरासरी वेग ताशी ७८ किमीच्या आसपास असायचा आणि कमाल वेग जेमतेम ९६. एसी बंद. २००८ च्या मॉडेलपासून हिशोबात आणखी चाचण्या धरल्या गेल्या: ताशी १२९ किमीपर्यंत जाणारी, एसी चालू ठेवून केलेली आणि उणे ७ अंशांच्या थंडीतली. त्याच प्रियसचा हायवे आकडा ४५ वर आला (१९.१ किमी), शहरातला ६० वरून ४८ वर. गाडी तीच, इंजिन तेच, बॅटरी तीच. मोजायची पद्धत बदलली, एवढंच. तेव्हा आपल्या मालकाचे १९ म्हणजे घसरण नाहीच मुळी.

आता बॅटरीकडे येऊ. शहरात हायब्रिड जिंकते ती ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठवून. सपाट हायवेवर एकसारख्या वेगात ब्रेक लागतोच किती? तिथे शेवटी सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. कामाला येतं ते ॲटकिन्सन पद्धतीचं १.५ लिटरचं इंजिन आणि हवेला कमी अडवणारा आकार (ड्रॅग गुणांक ०.२६). घाटात मात्र थकलेली बॅटरी उतारावर लवकर भरते आणि पुढची ऊर्जा वाया जाते. म्हणून रस्ता कुठला होता, हे विचारल्याशिवाय बॅटरीला दोष देऊ नका.

खरा खलनायक वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुढचा क्षेत्रफळाचा आकडा २.२ चौरस मीटर धरून ढोबळ हिशोब केला, तर ताशी ९० ला हवेचा विरोध साधारण २१५ न्यूटन येतो आणि १२० ला ३८०. टायरचा विरोध दोन्हीकडे १४० च्या आसपास धरू. एकूण ३५५ विरुद्ध ५२०, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला चाकांवर जवळजवळ दीडपट काम. पेट्रोल अगदी दीडपट लागेलच असं नाही, कारण जास्त भाराखाली इंजिनाची कार्यक्षमताही बदलते. पण आकडा कुठल्या दिशेला जाणार ते कळलं.

आणि आता सगळ्यात दुर्लक्षित भाग: टाकी. (आपल्याकडे मायलेजलाच ‘ॲव्हरेज’ म्हणतात, आणि घोळ नेमका ॲव्हरेज काढण्यातच होतो!) अमेरिकेतल्या त्या प्रियसच्या टाकीत आत एक लवचिक पिशवी असे. थंडीत ती आखडते, त्यामुळे ‘टाकी फुल’ म्हणजे दर वेळी वेगळं माप. समजा ७०० किमीला खरोखर ३५ लिटर लागले, म्हणजे लिटरला २०. पंप ३ लिटर आधीच कट झाला, तर तुम्ही ३२ लिहिणार आणि ॲव्हरेज येणार २१.९. राहिलेले ३ लिटर पुढच्या वेळी भरले जातात: ३८ लिटर, ॲव्हरेज १८.४. दोन नोंदींत ३.५ चा फरक आणि गाडीला काहीच झालेलं नाही! एकेका टाकीचे ठिपके काढून त्यातून ‘बॅटरी उतरतेय’ अशी रेघ ओढणं किती सोपं आहे बघा.

उपाय साधा आहे. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. एका टाकीची चूक पुढच्या टाकीत उलट चिन्हाने येते, त्यामुळे बेरजेत मधल्या सगळ्या चुका कटतात. फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातली उरते. दहा टाक्यांच्या ३५० लिटरमध्ये ३ लिटरची चूक एक टक्क्याहूनही कमी. टाक्यांच्या ॲव्हरेजचं पुन्हा ॲव्हरेज मात्र काढू नका. वरच्या दोन आकड्यांची साधी सरासरी २०.१५ येते, खरं उत्तर २०. इथे फरक किरकोळ आहे, पण टाक्यांमधली अंतरं सारखी असली, की तो नेहमी वरच्याच बाजूला झुकतो. लिटर प्रति १०० किमी या एककात नोंदी ठेवल्या आणि टाक्यांमधली अंतरं सारखी असली, की ही भानगडच राहत नाही.

तर मालकाला आधी दहा टाक्यांच्या नोंदी मागा, सोबत वेग, तापमान आणि टायरमधली हवा. गॅरेजवाल्याला फोन नंतर.