फिश टँकमध्ये झाडं लावायची? मग आधी तळाचा विचार करा

सुट्टी लागली की मुलांचा हट्ट सुरू होतो, घरात फिश टँक हवा. गेल्या वर्षी आम्हीही मुलीसाठी दोन फुटी टाकी आणली. तळाला निळे-पांढरे खडे पसरले, त्यात चार हिरवी झाडं खोचली आणि खूश झालो. महिनाभरात पानं पिवळी पडली, मग देठ कुजू लागले. मुलीने विचारलं, "अब्बू, झाडं तर पाण्यातच आहेत, मग मेली कशी?"

वर्गात मुळांचं कार्य शिकवणारे आम्ही, आणि घरी तेच विसरलो होतो! शेवटी सगळी टाकी उपसून तळ बदलावा लागला. त्या धावपळीत दोन मासे गेले. चूक आमचीच. फिल्टर किंवा दिवा नंतर बदलता येतो, पण तळ बदलायचा म्हणजे टाकी मोडून पुन्हा मांडायची. म्हणून आधी तळ ठरवा, बाकी सगळं नंतर.

तळ काय काम करतो?

तीन कामं. एक, मुळांना धरून ठेवणं. दोन, मुळांना अन्न पुरवणं. तीन, माशांची घाण पचवणाऱ्या जिवाणूंना घर देणं. पण तळात चुना असेल तर तो पाण्यात विरघळत राहतो, पाणी जड होतं आणि झाडांना लोह घेणं अवघड जातं. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणातून येतं. धरणात साठलेलं पावसाचं पाणी सहसा मऊ असतं आणि बहुतेक झाडांना ते मानवतं. संगमरवराचे तुकडे किंवा शिंपल्यांची वाळू टाकून आपणच ते बिघडवतो. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर आणखी जपा.

यासाठी घरच्या घरी एक सोपी चाचणी आहे. मूठभर खडे धुऊन सुकवा आणि त्यांवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, तो माल नको. आपल्या डोंगरांचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, साधारण निर्धोक असतो. पण त्याच्या पोकळ्यांत कधी कधी कॅल्साइट सापडतं, म्हणून त्याचीही चाचणी घ्याच.

झाड कोणतं, त्यावर तळ कोणता

अनुबियास आणि जावा फर्न यांना मातीच लागत नाही. त्यांचा आडवा खोड तळात पुरला तर कुजतो. ती दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधायची. मग खाली साधी वाळूही चालते. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरिन, ॲमेझॉन स्वोर्ड ही मात्र मुळांनी भरपूर खाणारी झाडं. त्यांच्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला, जाड वाळू किंवा दोन-तीन मिलिमीटरचे बारीक खडे, आणि मुळांजवळ खोचायच्या खताच्या गोळ्या. स्वस्त आणि नवशिक्यांसाठी चांगला. गोळ्या मात्र काही महिन्यांनी पुन्हा घालाव्या लागतात. बांधकामाची क्रश सँड फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिच्यात धूळ फार असते आणि कडा धारदार असतात, तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा सोलवटतात. खाडीच्या वाळूत मीठ आणि शिंपले असतात, तीही नको.

दुसरा, बागेतली माती खाली आणि वाळू वर. डायना वॉलस्टॅड या अमेरिकन लेखिकेने 1999 च्या पुस्तकातून ही पद्धत लोकप्रिय केली. माती चाळलेली हवी. त्यात शेणखत किंवा रासायनिक खत अजिबात नको, नाहीतर अमोनिया वाढून मासे मरतात. मातीचा थर एक इंच, वर वाळूही एक इंच. झाड उपटलं की माती वर येते, त्यामुळे सारखी मांडणी बदलणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

तिसरा, दुकानात मिळणारी ॲक्वा सॉइल, म्हणजे मातीच्या भाजलेल्या गोळ्या. झाडं सुरेख वाढतात, पाणी मऊ राहतं. पण ती महाग असते, सुरुवातीचे काही आठवडे अमोनिया सोडते आणि दोन-एक वर्षांत तिचं सत्त्व कमी होत जातं. ही माती धुवायची नसते. वाळू आणि खडे मात्र पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे.

आपला जांभा

कोकणातल्या वाचकांसाठी एक गंमत. ज्या जांभ्या दगडाने आपल्या गावची घरं बांधली, तोच जर्मनीतले शौकीन 1980 च्या दशकात टाकीच्या तळाला वापरत होते. जोरदार पावसाने खडकातली सिलिका वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरतं, तोच जांभा. फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 मध्ये त्याला 'लॅटराइट' नाव दिलं, विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून. मूठ-दोन मूठ जांभ्याचा चुरा धुऊन तळाच्या खालच्या थरात मिसळला तर मुळांना लोह मिळतं. मात्र तो पूर्ण अन्न नाही, आणि वर राहिला तर पाणी लाल होतं.

किती घ्यायचं?

हिशेब पाचवीतला आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले थराची जाडी, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले एक हजार. 60 बाय 30 च्या टाकीत 6 सेंटिमीटर थर म्हणजे 10.8 लिटर. वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे सोळा-सतरा किलो. पाणी आणि काच धरून टाकी सत्तर-ऐंशी किलोची होते. तेव्हा स्टँड मजबूत हवा, प्लास्टिकचं टेबल नाही. थर मागे उंच, पुढे उतरता ठेवा. पाणी भरताना तळावर ताटली ठेवून त्यावर सावकाश ओता.

मग सगळ्यात अवघड काम, सबर. झाडं लावून तीन-चार आठवडे टाकी माशांविना चालू द्या. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आल्याशिवाय मासे आणू नका. आमच्या मुलीने कॅलेंडरवर एकेक दिवस खोडला आणि सव्विसाव्या दिवशी चाचणीत दोन्ही शून्य आले. तेव्हा कुठे मासे आणले. आज व्हॅलिस्नेरियाची पानं पाण्याच्या वर पोचली आहेत. मासे मुके असतात, गुदमरले तरी सांगत नाहीत. त्यांच्या वतीने आधी विचार करणं आपलंच काम.