डोळ्याची रोपवाटिका

पानाच्या तबकांतील चुन्याचें भय आपल्या घरांत कोणास वाटत नाहीं. आम्हांसही वाटत नव्हतें. परंतु गेल्या सालीं लातुरास आप्तांकडे असतां, एका सहा वर्षांच्या मुलानें चुन्याची पुडी दाबली. ती फुटून चुना डोळ्यांत गेला. तूप घालण्याचा सल्ला आम्हींच दिला! कांहीं दिवसांत बुबुळावर पांढुरकें सावट आलें. नांदेड काय, लातूर काय, १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामी राज्यांत होता. मोठ्या दुखण्यास हैदराबादची वाट धरण्याची संवय अद्यापि आहे. मुलास तिकडे नेलें, आणि या निमित्तानें तेथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेंतील एक विद्या आम्हांस कळली.

बुबुळावरचा पारदर्शक पापुद्रा सतत झिजतो. काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरील मूलपेशी तो पुनः निर्माण करितात. चुन्यानें त्या जळाल्या म्हणजे दुसऱ्याचें बुबुळ बसवूनही टिकत नाहीं. बियाणेंच गेलेलें असतें.

२००१ पासून या संस्थेंत डॉ. वीरेंद्र सांगवान व सहकारी यांनीं निरोगी डोळ्याच्या सीमेवरील सुमारें दोन मिलिमीटरांचा तुकडा घेऊन तो प्रयोगशाळेंत वाढविण्यास आरंभ केला. प्रसूतीनंतर दान मिळालेलें गर्भवेष्टनाचें पातळ पटल ही त्याची जमीन. रुग्णाच्याच रक्तांतील सीरम हें खतपाणी. इन्क्युबेटर, म्हणजे उबवणीची पेटी, देहाइतकी ३७ अंशांची ऊब, दमटपणा व शेंकडा ५ कार्बन डायऑक्साइड राखते. दहा ते चौदा दिवसांत पेशींचा थर तयार होतो. तो पटलासह जळलेल्या डोळ्यावर बसवितात. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या हिशेबांत २०० पैकीं १४२ रुग्णांस यश आलें.

परंतु प्रयोगशाळा खर्चिक. २०१२ सालीं याच मंडळींनीं सोपी रीत प्रसिद्ध केली: तुकड्याचे आठ-दहा कण करून ते पटलासह थेट डोळ्यावरच चिकटवावे. जी ऊब यंत्रांत प्रयासानें आणावी लागे, ती देहांत आयतीच होती. डोळाच पेटी झाला!

मुलाचा दुसरा डोळा शाबूत होता, म्हणून बियाणें मिळालें. आज तो पुनः पाटी वाचतो. दोन्ही जळते तर? म्हणून वाचकांस विनंति: चुना डोळ्यांत गेल्यास तूप, मध, दूध कांहीं घालूं नये. तत्क्षणीं स्वच्छ पाण्याच्या धारेनें अर्धा तास डोळा धुवावा, चुन्याचे कण काढावे व वैद्यकीय मदत घ्यावी. आयुष्यभर दुसऱ्यांस शिकविलें. एवढा धडा मात्र आम्ही उशिरां शिकलों.