शिरोरेषा कुठे गेली?

मराठी मजकूर छापताना इंकजेट प्रिंटरचं दुखणं लवकर उघडं पडतं. प्रिंटरचं हेड कागदावरून आडवं धावतं आणि आपली शिरोरेषाही आडवीच. हेडवरची शेजारशेजारची काही छिद्रं बंद पडली आणि ती नेमकी शिरोरेषेच्या वाट्याला आली, की अर्जावरच्या अख्ख्या ओळीचं डोकं उडतं. मात्रा वर अधांतरी, अक्षरं खाली बोडकी. रोमन लिपीत तीच पांढरी रेघ अक्षरांच्या पोटातून जाते आणि वाचणारा तिच्याकडे काणाडोळा करून पुढे सरकतो.

अशा वेळी घरोघरी एकच निदान होतं: शाई संपली. लगेच नवी कार्ट्रिज आणली जाते. कधी तिने गुण येतो, कधी पैसे वाया जातात, आणि दोन्ही वेळा कारण कळलेलं नसतं. शाई खरोखर संपत आली असेल तर छपाई बहुधा पानागणिक फिकी होत जाते आणि शेवटी तो रंग नाहीसा होतो. ठरावीक अंतराने बारीक पांढऱ्या रेघा येत असतील, तर शाई बहुतेक वेळा जागेवर असते. तिला बाहेर पडायला वाट नसते.

ही वाट कशी आहे ते पाहायला थोडं मागे जावं लागेल. कॅनन कंपनीच्या टोकियोतल्या प्रयोगशाळेत १९७७ साली तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. इचिरो एंडो या संशोधकाने त्या अपघातातून छपाईची पद्धत काढली. जवळपास त्याच काळात अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डमध्ये जॉन वॉट आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच कल्पनेपाशी पोचले. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या त्यांच्या ‘थिंकजेट’ प्रिंटरच्या हेडला सगळी मिळून १२ छिद्रं होती. आज घरगुती प्रिंटरमध्येही ती शेकड्यांनी असतात.

प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर बसवलेला असतो. सेकंदाच्या लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात त्याचा पृष्ठभाग सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. त्याला टेकलेल्या शाईच्या पातळ थराची वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि पुढच्या शाईला छिद्राबाहेर ढकलतो. बुडबुडा विरला की रिकाम्या जागेत मागची शाई ओढली जाते. एकेका छिद्रात हे सेकंदाला हजारो वेळा घडतं. म्हणजे ज्याला आपण छपाई म्हणतो ती प्रत्यक्षात उकळण्याची क्रिया आहे, आणि या हीटरला थंड ठेवण्याचं कामही शाईच करते. कोरड्या हेडवर ‘अजून दोन पानं निघतील’ म्हणून छापत राहिलं तर हीटर जळतो. मग कितीही शाई भरा, ते छिद्र गेलं ते गेलंच.

एप्सनने दुसरी वाट धरली. वीज दिली की काही स्फटिक आणि सिरॅमिक पदार्थ किंचित आकार बदलतात. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० मध्ये ज्याचा शोध लावला, तोच हा पिझोविद्युत परिणाम, उलट्या बाजूने वापरलेला. इथे उकळणं नाही; छिद्रामागची चिमुकली भिंत वाकते आणि थेंब बाहेर फेकला जातो.

घरातल्या ग्राहकाला या फरकाशी काय कर्तव्य? बरंच. तापणारं हेड झिजतं, म्हणून एचपी आणि कॅननच्या अनेक स्वस्त मॉडेलांत ते कार्ट्रिजलाच चिकटवलेलं असतं. कार्ट्रिजच्या तळाशी सोनेरी-तपकिरी पट्टी दिसते ना, तिच्यावर ती छिद्रं असतात. अशी कार्ट्रिज बदलली की हेडही नवं मिळतं आणि शिरोरेषा परत येते. पिझो हेड मात्र यंत्राच्या आत कायमचं बसवलेलं असतं. तिथे कार्ट्रिज किंवा बाटली बदलून फक्त शाई नवी येते, तुंबलेलं छिद्र तुंबलेलंच राहतं. आपल्या प्रिंटरचं हेड कुठे आहे, हे विकत घेतानाच विचारून ठेवावं असं माझं मत आहे. दुकानदार वायफाय आहे का, स्कॅनर आहे का ते उत्साहाने सांगतो. हे सांगत नाही.

आता तुंबण्याकडे येऊ. घरगुती प्रिंटरचा एक थेंब काही पिकोलीटरचा असतो. पाच पिकोलीटरचा धरला तर एक मिलिलीटर शाईत असे २० कोटी थेंब मावतात आणि एका थेंबाचा व्यास सुमारे २१ मायक्रॉन भरतो. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा. छिद्रंही थेंबाच्याच मापाची. आणि या छिद्रातल्या शाईकडून आपल्या दोन मागण्या आहेत, दोन्ही परस्परविरोधी: कागदावर पडताच तिने काही सेकंदांत वाळावं आणि हेडमध्ये महिनोन्‌महिने ओलं राहावं. शाईत बहुतांश पाणीच असतं. ते उडून जाऊ नये म्हणून ग्लिसरॉल किंवा ग्लायकॉलसारखे ओलावा धरून ठेवणारे पदार्थ घालतात. तरीही उघड्या छिद्रापाशी पाण्याची वाफ होत राहते, शाई दाट होते आणि दुधावर साय धरावी तसा तिच्यावर पापुद्रा धरतो. बुडबुड्याचा किंवा स्फटिकाचा जोर त्या पापुद्र्याला पुरा पडत नाही.

म्हणून काम संपलं की हेड एका बाजूला जाऊन थांबतं आणि खालून रबराची टोपी त्याच्यावर घट्ट बसते. प्रिंटरवरचं पॉवरचं बटण दाबल्यावर तो जो थोडा वेळ घरघर करतो, ती घरघर बऱ्याच अंशी याच कामाची असते. आपल्याकडे मात्र भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खट्‌कन बंद करायची सवय. छापता छापता असं झालं, किंवा वीजच गेली, तर हेड मधेच उघडं राहतं. आधी प्रिंटरचं बटण, दिवे विझेपर्यंत थांबणं, मग हवं तर बोर्डाचं. एवढ्या एका सवयीने जितकी हेडं वाचतील तितकी कुठल्याही क्लीनिंग किटने वाचणार नाहीत.

हवामानाचाही यात हात आहे. अनेक प्रिंटरांच्या माहितीपुस्तिकेत कामाचं तापमान कमाल ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ही मर्यादा घरातच ओलांडली जाते, शिवाय हवा कोरडी, त्यामुळे शाई लवकर वाळते. रत्नागिरीच्या जुलैत शाईला हे भय कमी, पण तिथे कागद दमट होतो. दमट कागदाचे तंतू शाई पसरवतात, अक्षरांच्या कडा फुटतात, पान कुरळं होऊन अडकतं. उघडलेलं रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय.

दोष दिसला की पहिलं काम एकच: नोझल चेक. प्रिंटरच्या मेन्यूत किंवा संगणकावरच्या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. बहुतेक मॉडेलांत चारही रंगांच्या बारीक रेघांची जाळी छापली जाते आणि जाळीतली तुटलेली रेघ म्हणजे बंद छिद्र. पांढऱ्या कागदावर पिवळी जाळी डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही आणि तिथला दोष हमखास सुटतो. अंधारात मोबाइलचा स्क्रीन गडद निळा करून त्याच्या उजेडात पाहा. पिवळी शाई निळा प्रकाश शोषते, त्यामुळे त्या रेघा काळसर उठून दिसतात.

जाळी तुटकी असेल तर हेड क्लीनिंग. यात टोपीखालचा पंप छिद्रांतून शाई जोराने ओढतो. एकदा करा, पुन्हा जाळी छापा, गरज वाटली तर आणखी एकदा. इथे थांबायचं. लोक थांबत नाहीत, लागोपाठ आठ-दहा वेळा क्लीनिंग करतात आणि मग कार्ट्रिज खरोखरच रिकामी होते. दोनदा करूनही फरक पडला नाही तर प्रिंटर बंद करून रात्रभर तसाच ठेवावा. काही माहितीपुस्तिका तर बारा तास थांबायला सांगतात. त्या वेळात ताजी शाई वाळलेल्या शाईला हळूहळू सैल करते, आत शिरलेला हवेचा बुडबुडाही जागा सोडतो. न करण्यातून होणारी ही दुरुस्ती आहे, त्यामुळे तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

ओढलेली शाई जाते कुठे? बऱ्याच घरगुती मॉडेलांत प्रिंटरच्या तळाशी फेल्टसारखं शोषक पॅड असतं, त्यात. किती शाई तिथे गेली याचा अंदाज यंत्र मोजून ठेवतं आणि मर्यादा गाठली की छपाईच बंद करतं. एखाद्या सकाळी अचानक ‘पॅडचं आयुष्य संपलं’ असा संदेश येतो, तो अतिक्लीनिंगचा हिशेब असू शकतो. काही मॉडेलांत हे पॅड घरीच बदलता येतं, इतरांत दुरुस्तीला न्यावं लागतं.

कार्ट्रिजलाच हेड असेल तर आणखी एक घरगुती उपाय आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर कोमट करून टिश्यू पेपर त्यात भिजवायचा, घडी घालून त्यावर कार्ट्रिज छिद्रांकडून दोन-तीन मिनिटं टेकवायची, मग कोरड्या टिश्यूवर नुसती टिपायची. घासायची नाही. बोअरचं पाणी नको, कारण त्यातले क्षार वाळून नवा अडथळा करतात. टाचणी तर अजिबात नको. नव्या कार्ट्रिजची छिद्रांवरची किंवा हवेच्या वाटेवरची टेप काढायची राहून जाणं, हेही अनेक ‘बिघाडां’चं मूळ असतं.

टँकवाल्या प्रिंटरची तऱ्हा थोडी निराळी. त्यांत शाई लांबलचक नळ्यांतून येते. टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली गेली किंवा प्रिंटर आडवा-तिरपा करून घर बदललं, की नळीत हवा शिरते आणि एखादा रंग एकदम नाहीसा होतो. हे तुंबणं नव्हे, आणि सततच्या क्लीनिंगने ते बरं होईलच असं नाही.

जाळी अखंड आणि तरीही छपाई वाईट, हा खरा गमतीचा वर्ग. शिरोरेषा धड आहे पण काने आणि दंड मधे तुटून बाजूला सरकलेत, असं दिसलं तर छिद्रं निर्दोष आहेत. हेड जाताना आणि परत येताना थेंब एकाच जागी टाकत नाही. त्याला हेड अलाइनमेंट करावं लागतं. तरीही सुधारलं नाही तर आत हेडच्या वाटेवर ताणलेली पारदर्शक प्लास्टिकची पट्टी पाहावी. तिच्यावरच्या सूक्ष्म रेघा मोजून हेड आपली जागा ओळखतं. तिच्यावर शाईचा किंवा ग्रीसचा डाग पडला की हिशेब चुकतो. पुसताना हात हलका ठेवावा, पट्टी हुकातून निसटली की काम वाढतं. पानाच्या कडेला फराटे ओढल्यासारखे डाग येत असतील तर हेडखाली कागदाचा कीस अडकलेला असण्याची शक्यता जास्त.

रंगांचं वाचन तर सोपं आहे, कारण हे रंग प्रकाशातून एकेक भाग वजा करतात. मॅजेंटा बंद पडला तर चेहरे हिरवट, सायन गेला तर सगळं तांबडट. हळदीच्या फोटोतून पिवळाच गेला तर हळद कुठे लागली ते शोधावं लागेल. पण जाळीत सगळे रंग ठीक असून फोटो मळका येत असेल तर प्रिंटरला कोणता कागद सांगितला आहे ते तपासा. कागदाच्या निवडीवर शाई किती सोडायची ते ठरतं. साध्या झेरॉक्सच्या कागदावर फोटो पेपरचं सेटिंग ठेवलं तर शाईचा चिखल होतो. फोटो पेपर उलटा घातला तर ती वाळतच नाही. आणि घाईत ‘ड्राफ्ट’ लावला असेल तर एका ओळीवरून हेड एकदाच फिरतं आणि बंद छिद्राची रेघ उघडी पडते. चांगल्या दर्जाच्या सेटिंगमध्ये एकाच जागेवरून निरनिराळी छिद्रं जातात आणि एकमेकांची उणीव झाकतात. रात्री अकरा वाजता हॉलतिकीट छापायचं असेल तर ही युक्ती दुरुस्तीपेक्षा जलद.

कार्ट्रिजच्या खोक्यावरचा पानांचा आकडा पाहून मात्र कुणी घरखर्चाचं गणित मांडू नये. तो आयएसओ २४७११ या मानकाप्रमाणे, ठरावीक पानं सलग छापून काढतात. घरी पंधरवड्याला एक पान निघतं आणि मधल्या काळात प्रिंटर स्वतःला स्वच्छ ठेवायला शाई खर्चत राहतो. नुसता काळा मजकूर छापूनही रंगीत शाई का उतरते, याचं एक उत्तर इथे आहे.

त्यामुळे आठवड्यातून एकदा चारही रंगांचं एक पान काढणाऱ्या घराला इंकजेट मानवतो. शाळेचे प्रकल्प, फोटो, नकाशे असं काही ना काही छापणारी मुलं घरात असली की त्याची काळजी आपोआप घेतली जाते. फक्त आधार कार्डाची प्रत आणि अधूनमधून एखादा अर्ज एवढंच काम असेल तर काळा-पांढरा लेझर प्रिंटर घ्यावा. त्यातला टोनर ही कोरडी पूड असते, तिला वाळायचं काही उरलेलंच नसतं. आणि वर्षाला वीसेक पानं लागत असतील, तर कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.