इन्सुलिन सुरू करताना

टाइप टू मधुमेहात इन्सुलिनचे नाव निघताच ‘आता शेवटची पायरी आली’ असा समज होतो. वस्तुतः स्वादुपिंडातील बीटा पेशींची क्षमता वर्षागणिक घटते आणि गोळ्या पुरेनाशा होतात. यात रुग्णाचा दोष नसतो. बहुधा रात्री, दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनच्या १० युनिटने प्रारंभ होतो. पुढे सकाळची उपाशीपोटीची साखर पाहून डॉक्टर मात्रा ठरवतात.

सुईची भीती चार दिवसांत जाते. खरी जोखीम निराळीच. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या मिलिलीटरमागे ४० आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांच्या मिळतात. १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये भरल्यास मात्रा अडीचपट होते व साखर धोकादायकरीत्या उतरते. बाटली बदलली की सिरिंजही बदलावी लागते: ४० साठी लाल झाकणाची, १०० साठी नारिंगी.