विजेचें बिल आणि आमचें स्नान

विजेचें बिल हातीं आलें कीं आमच्या घरांत दर महिन्यास एक लहानसा खटला उभा राहत असे. न्यायाधीश आम्ही, आरोपी बहुधा धाकटी सून. माजघरांतील दिवा जळत ठेवला, हा तिजवरील ठरलेला आरोप.

गेल्या पौषांत शाळकरी नातू म्हणाला, "आजोबा, मीटरलाच साक्षीला बोलावूं या!" आमच्या मीटरवर एका युनिटास ३२०० इंपल्स असें छापलें आहे, म्हणजे त्यावरील तांबडा ठिपका ३२०० वेळां लुकलुकला कीं एक युनिट खर्ची पडलें. वॅट आणि युनिट यांची गल्लत चांगले सुशिक्षितही करतात. वॅट ही नळाची धार, युनिट ही भरलेली घागर. हजार वॅटांचें उपकरण तासभर चाललें कीं एक घागर भरते.

सर्व दिवेपंखे बंद केले, तरी ठिपका अधूनमधून लुकलुके. चोर सांपडला तो दूरचित्रवाणीजवळची डबी! अशी दहा वॅटांची वस्तु वर्षभर अखंड जागी राहिली तर सुमारें ८८ युनिटें खाते. तीही बंद करून माजघरांतील ९ वॅटांचा एलईडी दिवा लावला. एकदां लुकलुकलेला ठिपका पुनः लुकलुकण्यास दोन मिनिटें लागलीं. मीटर बिघडला असें आम्हांस वाटलें. मग २००० वॅटांचा गीझर लावला. मिनिटास शंभरावर लुकलुका. नातवास मोजणें आवरेना.

आतां गीझर लावतो कोण? आम्ही. पहाटें चारला बटण दाबून फिरावयास जावें आणि सहास परतून स्नान करावें, हा आमचा निवृत्तीपासूनचा क्रम. त्यांतील १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास २०-२२ मिनिटें पुरतात व सुमारें ०.७ युनिट लागतें. तेवढ्या विजेंत माजघरांतील तो दिवा अहोरात्र तीन दिवस जळता! उरलेला वेळ टाकी थंडावते आणि गीझर ती पुनः पुनः तापवितो, तो खर्च निराळाच.

एकत्र कुटुंबास हें विशेष जाचतें. महाराष्ट्रांत घरगुती विजेचा दर १०० व ३०० युनिटांच्या टप्प्यांवर चढतो, आणि माणसें दहा असलीं तरी मीटर एकच.

हा हिशेब आम्ही सूनबाईंस वाचून दाखविला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. दुसरे दिवशीं गीझरच्या बटणाखालीं नातवाच्या अक्षरांतील चिठ्ठी दिसली : "सहाच्या आधीं हात लावूं नये."