राष्ट्रीय सुरक्षेच्या दाव्याची शहानिशा कोणी करायची?

बंगळुरूतील आजचे ‘फ्रीडम पार्क’ म्हणजे पूर्वीचे मध्यवर्ती कारागृह. ‘अंतर्गत अशांतते’मुळे देशाची सुरक्षा धोक्यात आल्याचे कारण देऊन २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. संसदीय समितीच्या बैठकीसाठी शहरात आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते यांना दुसऱ्याच दिवशी अटक होऊन येथे ठेवण्यात आले.

अशा स्थानबद्धतेची वैधता न्यायालयाला तपासता येते का, हा मूळ प्रश्न होता. कर्नाटकासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या याचिका सुनावणीयोग्य मानल्या. मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ अशा मतांनी ते दार बंद केले. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. विरोधी मत एकट्या न्या. हंसराज खन्ना यांचे होते.

१९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ या संदिग्ध शब्दांच्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आणले आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आणीबाणीतही अबाधित ठेवले. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी १९७६चा तो निकालही मोडीत निघाला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र.

सुरक्षेचा दावा करण्याचा अधिकार सरकारला आजही आहे. नागरिकाला कोठडीत ठेवताना तो दावा न्यायालयापुढे टिकावा लागतो, एवढाच फरक या चार दशकांनी घडवला.