बाफले, फराळ आणि धावण्याचा हिशेब

देवासकडच्या मराठी घरांत दिवाळीला चकली-अनारसे असतातच, वर माळव्याचे तुपात बुडवलेले दाल-बाफले! बागलीच्या धावपटूंनो, हिशेब ऐका. वजनाच्या दर किलोला, किलोमीटरमागे साधारण 1 कॅलरी जळते. म्हणजे 60 किलोचा माणूस 5 किलोमीटर पळाला की 300. अडीच मोठे चमचे तूप, संपलं! खाल्लेलं फेडायला पळू नका, बाफलाच जिंकतो.

सणात काटा पुढे सरकतो त्यात पाणीही असतं: शरीरात साठणाऱ्या साखरेच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, 1 ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम. आणि धावण्यात चार दिवसांचा खाडा पडला तरी दम फारसा घटत नाही. दोन आठवड्यांनी मात्र जाणवतं. मी अभ्यंगस्नानाआधी 20 मिनिटं सावकाश धावते, बस. विंध्याचे चढ भाऊबीजेनंतर.